अण्णांनी बैल विकला, त्याची गोष्ट

नांदेडात मी कॉलेजच्या पोरांना मराठी शिकवते. ‘स्वतःचा अनुभव लिहा, वाचणारा जागेवर खिळला पाहिजे,’ असं वर्गात बिनधास्त सांगते. सांगायला काय जातंय! स्वतः लिहायला बसले तेव्हा माझाच घाम निघाला.

लिहायची होती अण्णांची गोष्ट. घरी ट्रॅक्टर आल्यावर माझ्या वडिलांनी शेवटचा बैल देवणीच्या बाजारात विकला, ती. निलंग्याकडच्या आमच्या गावात ही गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. पण मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. आता ‘हाव’ आणि ‘न्हाई’, एवढंच उरलंय. म्हटलं, अण्णा आहेत तोवर गोष्ट कागदावर उतरवू, त्यांना वाचून दाखवू. त्यांनी ‘हाव’ म्हणावं, बास, दुसरं काही नको होतं मला.

सुट्टीत गावी गेले आणि त्यांच्या बाजेशी बसून वाचायला लागले. अण्णा तांबडं फुटताना निघाले, वाटेत बैलाला पाणी दाखवलं, गिऱ्हाईक चाकूरकडचं होतं. सगळ्याला हाव, हाव. मग मी वाचलं, ‘कासरा हातातून सुटला आणि अण्णांचे डोळे भरून आले.’

“न्हाई.”

“बरं, रडला नाहीत. मग बैल हंबरला?”

“न्हाई.”

“मागं वळून बघितलं त्यानं?”

“न्हाई!” त्यांनी डाव्या हातानं बाजेवर थाप मारली.

“अहो, मग झालं तरी काय?” मीही चिडले. लगेच जिवाला लागलं. बोलता येत नाही त्या माणसावर ओरडून काय उपयोग? गोष्ट त्यांच्या पोटात, ऐकणारी मी समोर, आणि मधे नुसता अंधार. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण कासरा सुटल्यावर अण्णा काय म्हणायचे, ते काही केल्या आठवेना.

त्यांनी डावा तळहात माझ्यापुढं पसरला. मला वाटलं कागद मागताहेत. दिला, तर फेकून दिला. पाण्याचा गिलास दिला, तो सांडला. शेवटी मी आईला हाक मारली.

ती आतूनच म्हणाली, “तितं काय बोलत नव्हते गं ते. तितं तंबाखू मळायचे.”

अगं बाई, खरंच की! कासरा दुसऱ्याच्या हाती गेला की अण्णा थांबायचे. डाव्या तळहातावर तंबाखू, चुना, आणि उजव्या अंगठ्यानं मळत राहायचे, मान खाली घालून. तोवर कुणी चकार शब्द काढायचं नाही. मग चिमूट तोंडात टाकून म्हणायचे, “मग आलो घरी.”

आता तंबाखू डॉक्टरांनी बंद केलेली आणि उजवा अंगठा हलत नाही. तळहात तेवढा माझ्यापुढं पसरलेला. मी वाक्य बदलून परत वाचलं, ‘कासरा गिऱ्हाइकाच्या हातात दिला.’ आणि माझा अंगठा अण्णांच्या रिकाम्या तळहातावर ठेवून मळायला लागले. त्यांनी मान खाली घातली.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “हाव.”

‘मग आलो घरी,’ हे शेवटचं वाक्य अजून राहिलं होतं. ते त्यांना म्हणता येत नव्हतं आणि माझ्याच्यानं म्हणवेना.