तीन घरी तीन सरदार

"तिकडे पाहा, घोडा आला!" असं कंपाउंडर भाऊ म्हणाले, की आम्ही बायका मान वळवून भिंतीकडे पाहायचो. भिंतीवर कॅलेंडर असायचं, कधी पाल असायची. घोडा कधीच नसायचा. तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. आणि गंमत सांगू का? दुसऱ्या दिवशी आम्ही परत पाहायचो.

भाऊंची सारी नोकरी भरवेलीला, खाणीच्या दवाखान्यात झाली. रिटायर होऊन बालाघाटात आमच्या वॉर्डात राहायला आले, पण हात स्वस्थ बसेनात. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली की सकाळी सायकलवर घरी हजर. कॅरिअरला सुयांचा स्टीलचा डबा आणि डब्याला रबरानं बांधलेली एक मराठी कादंबरी. तिचं पहिलं पान गेलेलं, त्यामुळे नावही गेलेलं. राजामहाराजांच्या काळातली, हसतखेळत लिहिलेली प्रेमाची गोष्ट होती, असं भाऊ सांगायचे. एक खट्याळ राजकन्या आणि तिला पाहायला अत्तरवाल्याच्या वेषात आलेला एक सरदार. भाऊ पुस्तक मांडीवर उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि वाचायला लागायचे. आता तुम्ही म्हणाल, चष्मा कपाळावर ठेवून वाचायचे कसे? बघा, तुम्हाला लगेच सुचलं. आम्हा कोणाला सुचलं नाही.

तेव्हा भाऊंची आम्ही तिघी गिऱ्हाइकं. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, म्हणून मला ताकदीच्या सुया. शेजारच्या शेवंताबाईंना कंबरेसाठी. आणि पलीकडच्या घरातल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना पायाच्या जखमेसाठी. जाऊबाईंचं काम अवघड होतं. त्यांना साखरेचा आजार, अंगठ्याला जखम झालेली. डॉक्टरनं सांगितलं होतं, चौदा दिवस रोज सुई, एकही चुकली तर अंगठा काढावा लागेल. आणि जाऊबाई तर सुई पाहिली की देवडीत जाऊन दाराआड लपणाऱ्या! वय सत्तर.

पण भाऊंनी नऊ सुया टोचल्या. त्या पुस्तकाच्या जोरावर.

पौर्णिमेला जाऊबाईंना ऑटोत बसवून विहारात नेलं. वंदना झाली, खीर झाली, आणि आम्ही तिघी पायरीवर टेकलो. विषय पुस्तकाचा निघाला.

मी म्हटलं, "मोठं शिकण्यासारखं पुस्तक आहे. राजकन्या सरदाराच्या चिठ्ठीतल्या चुका काढते, लाल शाईनं. मला फार पटलं." मी स्वतः शाळेत गेले ती लेकरांना सोडायला. वाचायला शिकले त्यांच्याच पुस्तकांवरून. मला ते पटणारच.

शेवंताबाई म्हणाल्या, "चिठ्ठी कायची? तो तं वांग्याची भाजी करून तिले जिंकून राह्यला. मले आवडलं बा पुस्तक. असा नवरा पाह्यजे होता."

"कोणते वांगे?" जाऊबाईंचा आवाज चढला. "तो मेला रोज खंदकात पडते! राजकन्या त्याले ढकलते. एकदम फर्स्टक्लास पुस्तक हाय."

"खंदकात कसा पडल? चुलीपाशी बसला हाय तो."

"तू झोपली असशील ऐकता ऐकता!"

असं बराच वेळ चाललं. बाकीच्या बायका खीर खायच्या थांबून पाहत होत्या. शेवटी मला उजेड पडला. मी म्हटलं, "जाऊबाई, भाऊंचा चष्मा वाचताना कुठं असतो?"

"कपाळावर," शेवंताबाई म्हणाल्या. म्हणजे भाऊ वाचत नव्हतेच, घरोघरी वेगळं रचून सांगत होते.

मला हसू आलं. शेवंताबाईही हसल्या. पण जाऊबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मले फसवलं त्यानं," म्हणाल्या आणि खिरीची वाटी तशीच ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आले तर दाराला आतून कडी. पाच सुया राहिल्या होत्या.

"बाई, दार उघडा."

"काहून खोटं सांगून राह्यले होते मले? जा आपल्या सरदाराकडे!"

मी समजावलं, माझ्या पुतण्यानं समजावलं, शेवंताबाई भिंतीपलीकडून ओरडल्या. कडी निघेना. एक सुई चुकली की अंगठा गेला.

भाऊ ओट्यावर बसले. रबर काढलं, चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, "बरं. आज खरं खरं वाचतो." आणि वाचायला लागले. काय सांगू तुम्हाला! दोन पानं नुसती राजवाड्याची बाग. चमेली, जाई, जुई, मोगरा, परत चमेली. मग तीन पानं चंद्र. सरदार आला तो उसासे टाकत, राजकन्या दिसली ती लाजत.

आतून आवाज आला, "फुलंच फुलं! मानसं कुठी गेले?"

भाऊंनी पानं उलटून शेवट काढला. लग्न लागतं आणि अकरा हत्ती येतात.

"हत्ती?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्याईले खाऊ कोन घालल?"

मी म्हटलं, "पुस्तक भिकार आहे." शेवंताबाई म्हणाल्या, "हौ." आतून जाऊबाई म्हणाल्या, "एकदम भिकार." एवढं एकमत आमचं कधी झालं नव्हतं.

"मले तरी कुठं आवडलं होतं?" भाऊ हळूच म्हणाले. "पन मानूस पाहून, हातात सुई घेऊन, कायतरी सांगा लागते ना. तुमच्या तोंडाकडे पाहात गेलो आन् बदलवत गेलो." मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "बाई, तुम्हाले पहिल्या दिवशी खंदक सांगितला तवा तुम्ही हासल्या, म्हनून रोज पाडला त्याले. पाच सुया हायत बाई. मी आता काई सांगत नाही. तुम्ही सांगा, मी ऐकतो. तो खंदकातून निंगाला का नाही?"

मी दाराला कान लावला.

"काहून निंगल?" आवाज आला. "भिजू दे अजून दोन दिवस." आणि कडी वाजली.

पुढचे पाच दिवस गोष्ट जाऊबाईंनी सांगितली. भाऊ कापूस फिरवत "मग?" म्हणायचे, डोळे मोठे करायचे, आणि जाऊबाई सरदाराला गाढवावर बसवण्यात गुंग असताना काम उरकायचे. चौदाव्या दिवशी तर सुई होऊन गेली, डबा बंद झाला, तरी भाऊ उठेनात. गाढव कुठे गेलं ते त्यांना ऐकायचं होतं.

अंगठा वाचला.

पावसाळ्यानंतर भाऊंना त्यांच्या लेकीनं गोंदियाला बोलावून घेतलं, कायमचं. आम्ही तिघी बसस्टँडवर गेलो. राजेगाववरून जाणारी बस होती, भाऊ खिडकीपाशी बसले. मी डोळे पुसत होते, शेवंताबाई भाजीचा डबा आत सरकवत होत्या, आणि जाऊबाईंनी गोष्ट सुरू केली होती. सरदाराला वाड्यात घेतलं, पण भांडी घासायच्या कामावर. राजकन्या दुसऱ्याच मुलुखात फिरायला निघाली.

ड्रायव्हरनं गाडी सोडली. भाऊ खिडकीतून अर्धे बाहेर आले. "मग?"

जाऊबाई बससोबत चालायला लागल्या. सांगत सांगत, हातवारे करत, पटपट, पार फाटकापर्यंत.

"जाऊबाई, पाय! पाय सांभाळा!" मी मागून ओरडले.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "थांब वं," म्हणाल्या, "इथंच तं मजा हाय."