मनीषाचा भाऊ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय — कोण जाणे. पण आता पोटात ठेववत नाही.

ड्युसेलडॉर्फजवळच्या एका मनोरुग्णालयात मी नर्स आहे. रुग्णासमोर एकटीनं बसून मानसोपचार कसे करायचे, हे इतर नर्सना शिकवते. चांगली शिकवते म्हणतात. म्हणोत.

मी स्वतः शिकत होते तेव्हा एक नियम होता — दुसऱ्याचं ऐकायच्या आधी आपलं दुखणं शिकवणाऱ्या बाईंपुढे, बंद खोलीत एकटीनं, मांडायचं. मी काय मांडणार होते? वडिलांची दारू? आईच्या पाठीवरचे वळ? आमच्याकडे घरातलं घरातच राहतं. पण तास भरायचे होते, आणि बाई समोर वाट बघत बसलेल्या.

मग मी मनीषाची गोष्ट सांगितली. मनीषा माझी मैत्रीण, सांगलीची. एकाच वर्गात होतो, एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. भांडी घासता घासता तिनं मला सांगितलं होतं — ड्युटीवर असताना तिनं धाकट्या भावाचा फोन दोनदा कापला, आणि त्याच दुपारी त्यानं जीव दिला. तो भाऊ मी माझा केला. वर रडलेसुद्धा. जनाची नाही, मनाची तरी वाटायला हवी होती ना?

पुढे मनीषाची पाळी आली. तिनं खरं तेच सांगितलं. बाईंनी मला बोलावून विचारलं, तुझी ही गोष्ट आणखी कुणाला माहीत आहे का? तेव्हा तरी — एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, हो, मनीषाला.

खोटं बोलणाऱ्या मुलीला रुग्णापुढे बसवता येणार नाही, असं ठरलं. मनीषाला कोर्समधून काढलं. घरी येऊन ती कोट न काढताच बसली. म्हणाली, "अगं, त्या म्हणतात मी कुणाचं तरी ऐकून सांगितलं. माझा भाऊ — आणि ऐकून सांगितलं?" मी तिला चहा करून दिला. म्हटलं, या लोकांना आपलं दुःख कळतच नाही गं. तिनं मान डोलावली. माझी शंकासुद्धा तिला आली नाही.

ती अजून वॉर्डातच आहे, गोळ्या वाटते. मी वरच्या मजल्यावर शिकवते. दुपारी कँटीनमध्ये एकत्र जेवतो — पोरं, सासूबाई, इथल्या पिठाच्या चिवट पोळ्या, सगळं बोलतो. भावाचं नाव मात्र तिनं त्या दिवसानंतर कधीच काढलेलं नाही.