कोणी कोणाला उचललं

सणसरच्या झुंबरला लष्करातून घरी पाठवलं, तेव्हा त्याच्या डोक्याच्या उजव्या बाजूला बोटभर रुंद खोक होती. तिथं केस परत आले नाहीत. बाकी माणूस धडधाकट. नवख्याला वाटायचं, ह्याला काय झालंय? दोन दिवस शेजारी राहिलं की कळायचं. रानात पाण्याची दारं धरायला गेला की पाणी भलत्याच्या वाफ्यात सोडून बांधावर बसून राहायचा. चुलीवर दूध करपलं तरी शेजारी बसलेल्या ह्याला पत्ता नाही, कारण वास येणंच बंद झालं होतं. संतापला की ताट भिरकावायचा आणि जरा वेळानं विचारायचा, ताट कुणी टाकलं?

त्याचा बाप मेंढरं राखायचा. पुढं कळप विकून बापानं कॅनॉलखाली ऊस लावला. झुंबरचं मन दोन्हीत नव्हतं. तो आणि गावातलाच हिंदुराव एका दिवशी पुण्याला भरतीला गेले, एका दिवशी घेतले गेले, एकाच पलटणीत पडले. ब्याण्णव साली सिक्कीममध्ये त्यांची गाडी रस्ता सोडून ओढ्यात गेली. झुंबरचं डोकं दगडावर आपटलं. हिंदुरावला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. त्यानं झुंबरला खांद्यावर टाकून चढ चढून रस्त्यावर आणलं.

झुंबरला यातलं काही आठवत नव्हतं. अपघात नाही, आणि त्याच्या आधीची दोन-तीन वर्षंही नाहीत.

मी सावळाराम, त्यांचा शेजारी. साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलून निवृत्त झालो. शंभर किलोचं पोतं पाठीवर कसं बसतं ते मला माहीत आहे. पोतं एकदा बसलं की बसलं. बेशुद्ध माणूस मात्र सारखा निसटतो. त्याला घेऊन ओल्या चढावर चालणं हे काम साधं नाही. म्हणून हे लिहिताना सुरुवातीलाच सांगून ठेवतो, की उचललं हिंदुरावनं.

हिंदुराव शहाण्णव साली पेन्शनीत आला आणि बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर लागला. खाकी कपडे, शिट्टी, येणाऱ्या-जाणाऱ्याचा सलाम. दर गुरुवारी सुट्टीला तो झुंबरच्या अंगणात येऊन बसायचा आणि पलटणीतल्या गोष्टी सांगायचा. त्या गोष्टींत झुंबरही असायचा. झुंबरनं मेसमधली कोंबडी कशी पळवली, झुंबर बर्फावरून घसरत सुभेदाराच्या तंबूत कसा शिरला. झुंबरची बायको मुक्ताबाई पदर तोंडाला लावून हसायची. आळीतली माणसं जमायची. आणि झुंबर कडेला बसून स्वतःच्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा.

त्याचं तोंड काळं पडायचं. हिंदुराव गेला की मला म्हणायचा, "तात्या, कोंबडी मी पळवली. मग हसू त्याच्या नावावर का?"

"तू सांग की मग."

"मला ठावं असतं तर सांगितलं नसतं का?"

मुक्ताबाईवरही त्याचा राग. "त्याच्यासंगं हसतीस. माझ्यासंगं कदी हसलीस?"

"तुमी हसवा, हसते," ती म्हणायची. ती काय कमी नव्हती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कागद आला. डोक्याच्या दुखापतीबद्दल जी पेन्शन मिळत होती ती पुढं चालू ठेवायची का, हे ठरवायला पुण्याच्या लष्करी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढं हजर व्हायचं होतं. सैनिक ऑफिसातल्या जुन्या हवालदारानं मुक्ताबाईला नीट समजावलं. दवाखान्याचे सगळे जुने कागद न्या. घरात राहणारं माणूस बरोबर पाहिजे. आणि अपघात पाहिलेला कोणी असेल तर तोही आणा. काय जमतं आणि काय जमत नाही ते खरं सांगा.

मुक्ताबाईनं साक्षीला हिंदुराव ठरवला. दुसरा होताच कोण?

झुंबरनं बोर्डाचा अर्थ वेगळा लावला. त्याच्या लेखी ती भरती होती. साहेब बसणार, विचारणार, पास-नापास करणार. आणि समोर हिंदुराव बसणार. त्यानं तयारी सुरू केली. पहाटे कॅनॉलच्या भरावावरून पळायचा. डोकं ठणकायला लागलं की ओला टॉवेल बांधून परत पळायचा. बूट काढून पॉलिश केले. डोळे मिटून एका रेषेत उभं राहायचा सराव केला, दोनदा पडला, कोपर फोडून घेतलं. हवालदारानं सांगितलं होतं की शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. ते त्यानं पाढ्यासारखं घोकलं. तीन शब्द सांगून नंतर विचारतात, म्हणून मी त्याला तीन शब्द द्यायचे आणि जेवण झाल्यावर विचारायचे. विळा, घागर, बाभळ. पहिल्यांदा एकही यायचा नाही. महिन्याभरानं तिन्ही यायला लागले. मी आयुष्यभर कष्ट पाहिलेत. हे कष्टच होते, त्यात खोट नव्हती.

मुक्ताबाईचा मात्र जीव टांगणीला. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं फडाफडा बोलाया लागलात तर साहेब म्हणतील बरा झाला. पेन्शन जाईल. आन तुमाला कामावर कोण घेणार? पाणी सोडलेलं ध्यानात ऱ्हात न्हाय तुमच्या."

"मग काय करू?"

"हाय तसं सांगा."

झुंबर उठून उभा राहिला. "हिंदुरावाम्होरं मी येडा म्हणून उबा ऱ्हाऊ? त्यापरास पेन्शन जाऊ दे."

ती परत भाकरी थापायला लागली. घर त्या पेन्शनीवर चालत होतं आणि ते त्यालाही माहीत होतं.

अपघाताची हकिगत मात्र त्याला हिंदुरावकडूनच घ्यावी लागली. दुसरीकडं ती नव्हतीच. गुरुवारी हिंदुराव आला की झुंबर त्याला समोर बसवायचा. "सांग. पयल्यापासनं."

हिंदुराव खुशीत यायचा. "आता आलास लायनीवर." मग सांगायचा. पाऊस, वळण, ओढा, दगड, चढ, खांद्यावरचं ओझं, वर पोचल्यावर गुडघे कसे थरथरले. झुंबर ओठ हलवत ऐकायचा. दुसऱ्या दिवशी मला म्हणून दाखवायचा. तेव्हा त्यात "त्यानं मला उचललं" असंच होतं. मी कान देऊन ऐकलेलं आहे.

जायच्या आदल्या दिवशी मुक्ताबाई माझ्याकडं आली. "तात्या, तुमीबी चला. ह्या दोगांच्या मधी बसाया माणूस पायजे."

मी गेलो. एसटीत तिघांच्या बाकावर मी मधे. एका बाजूला हिंदुराव घोरत होता, दुसऱ्या बाजूला झुंबर शंभरातून सात वजा करत होता.

दवाखान्यात झुंबरला आत घेतलं. थोड्या वेळानं मुक्ताबाईला आणि हिंदुरावला बोलावलं. मी पडद्याबाहेरच्या बाकावर होतो. पंखा बंद होता, सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टर कर्नल होते. आवाज शांत. शंभरातून सात वजा करायला सांगितले. झुंबर थेट दोनपर्यंत घसरत आला, कुठं अडखळला नाही. मला बाहेर बरं वाटलं. मग मुक्ताबाईचं काय होत असेल ते आठवलं आणि वाईटही वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "मैंने थोडी देर पहले तीन चीजें बताई थीं. कौन कौन सी?"

"विळा, घागर, बाभळ, साब," झुंबर कडक आवाजात म्हणाला.

ते शब्द माझे होते. डॉक्टरांनी दुसरेच दिले होते.

"अच्छा. अब बताओ, उस दिन क्या हुआ था?"

झुंबरनं सुरुवात केली. हिंदीत, पण चाल हिंदुरावचीच. पाऊस, वळण, ओढा. हिंदुराव जिथं थांबायचा तिथंच थांबत होता. मग म्हणाला, "हिंदुराव बेहोश था, साब. मैंने उसको कंधे पे डाला. चढाई गीली थी. ऊपर पहुँचा तो मेरे घुटने काँप रहे थे."

खुर्ची करकरली. ती हिंदुरावची असावी.

"किसने किसको उठाया?"

"मैंने, साब. इसको."

डॉक्टरांनी विचारलं, "हिंदुराव, ये सही है?"

आता त्याच्या हातात होतं सगळं. नाही म्हणाला असता तर झुंबर बायकोसमोर उघडा पडला असता. हो म्हणाला असता तर खोटी साक्ष.

"साब," हिंदुराव म्हणाला, "कागज में लिखा है."

मग डॉक्टर मुक्ताबाईकडं वळले. तिनं मराठीत सांगितलं. पाणी, दूध, ताट, रस्ता चुकून भलत्याच गावाला गेलेला माणूस, उन्हात डोकं धरून बसणं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ठीक है. ये चोट जिंदगी भर की है. अब दुबारा बोर्ड के लिए आना नहीं पड़ेगा."

झुंबर पडदा सारून बाहेर आला, छाती पुढं. "तात्या, पास! परत परीक्षाच न्हाय म्हणले." मागून मुक्ताबाई आली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती. पुढं कागद आला त्यातही तेच लिहिलेलं होतं. पेन्शन कायम झाली.

परत येताना सासवडच्या स्टँडवर चहाला उतरलो. हिंदुरावनं चहाचा ग्लास हातात घेतला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"काय रं झुंबऱ्या, कुणी कुणाला उचललं?"

"तू पडला हुतास," झुंबर समजुतीनं म्हणाला. "मी उचललं. मी कदी बोलून दावलं का तुला? उपकार काढायची सवय न्हाय मला."

"तात्या, ऐकताय न्हवं? ऐकताय ह्याचं?"

"भावजी," मुक्ताबाई हळू आवाजात म्हणाली, "तुमाला सगळं आठवतंय. त्यास्नी एवढंच. ऱ्हाऊ द्या की."

"त्याला जे आठवतंय ते माजं हाय, वैनी." हिंदुरावनं ग्लास बाजूला सारला. "सोळा वर्सं नोकरी केली. दुसरं काय केलं मी? गेटवर शिट्टी फुकतो. ही एक गोष्ट हुती माजी. म्हस माग म्हणावं, बैल माग म्हणावं. हीच बरी घावली!"

झुंबरच्या तोंडावर काळोख नव्हता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "चा पी रं," तो म्हणाला. "गार हुतोय. तुजी तब्येत न्हाय बरी, तवापासनं."

मुक्ताबाईला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. हिंदुरावनं ते पाहिलं आणि एसटीत जाऊन पुढच्या, एकट्याच्या सीटवर बसला. मला मधे बसायचं कारण उरलं नाही.

बरेच गुरुवार तो आला नाही. झुंबरच चौकशी करायचा, अगदी जीव लावून. "हिंदुराव का येईना? त्याला कुणी काय बोललं का?" मी हिंदुरावला गेटवर जाऊन भेटलो. मी म्हटलं, मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. तो म्हणाला, "तुमाला माहीत असून काय करू तात्या? अंगणात सांगतोय तो." ज्यानं ओझं वाहिलं त्याच्या नावावर ते लागलं पाहिजे, हे मी मानतो. आणि झुंबरनं ती हकिगत पाठ करताना आणि कॅनॉलवर पळताना जो घाम गाळला तोही मी पाहिला आहे. दोन्ही मला सोडता येत नाही.

आता हिंदुराव येतो. बसतो, भाकरी खातो, पिकापाण्याचं बोलतो. कोंबडीची गोष्ट सांगतो, बर्फाची सांगतो. झुंबर मोकळेपणानं हसतो. मग कोणीतरी पाहुणा असला की झुंबर पुढं सरकतो आणि पावसापासून सुरुवात करतो. गाडी वळणावर आली की हिंदुराव उठतो आणि चपला पायांत सरकवतो.

"थांब की," झुंबर म्हणतो, "तुजंच सांगतोय."

"तुजं तूच सांग," हिंदुराव म्हणतो, आणि सायकल काढतो.