नख दाबून पाहणारी बाई

गोदाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. फोन नवऱ्यानं घेतला, ‘अक्का गेली’ एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला. बहीण त्याची, सख्खी, थोरली. मी दूध उतू जाऊ दिलं नाही. डिकॉक्शन ओतलं, कापी, म्हणजे इथली कॉफी, केली, त्याच्या हातात दिली आणि माझ्या डोळ्यांत पाणी येतंय का याची वाट पाहिली. आलं नाही. सहा आठवडे झाले त्याला, अजून आलेलं नाही.

शोकसभेत लोकांनी तिला प्रेमळ म्हटलं. एकानं तर ‘मृदुभाषी’ म्हटलं, तेव्हा मला हसू दाबायला पदर तोंडाशी न्यावा लागला. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे, पण म्हणून खोटं बोलायचं? गोदाअक्का खाष्ट होती. कुंभकोणममधल्या एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात तिनं सगळी उमर नर्स म्हणून काढली आणि तिथल्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत एकाला सोडलं नाही. कुणाच्या घरी बाळ झालं की ही बोलावल्याशिवाय हजर. आल्या आल्या बाळाचं दुपटं उचकटायचं, पायाच्या अंगठ्याचं नख दाबायचं, सोडायचं, आणि पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी होतं का ते डोळे बारीक करून बघायचं. बाळ कसं गोड आहे, कुणावर गेलंय, यातलं एक अक्षर नाही. लोक तिला बघून पाळण्यावर पदर ओढायचे. तेच लोक त्या दिवशी हार घेऊन उभे होते.

मी सांगलीची. लग्न होऊन इथं तमिळ मुलखात आले तेव्हा वाटलं होतं, कित्येक पिढ्या इथं राहिलेलं असलं तरी मराठी घर आहे, भाषेचा तरी प्रश्न नाही. पहिल्याच दिवशी मी काहीतरी बोलले आणि अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, “ही काय बोलत्ये? रेडियो लावल्यागत!” तीनशे वर्षांपूर्वीची मराठी बोलणाऱ्या बाईनं मला हे म्हणावं! सगळं घर हसलं. पुढे सहा वर्षं मी त्या घरात रेडियोच होते. मूल होत नव्हतं. सासरे, म्हणजे अप्पा, तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत कारकुनी करून निवृत्त झालेले, माणूस देवभोळा आणि मऊ. ते काही बोलायचे नाहीत, पण दर एकादशीला घरात विठ्ठलाचं भजन असायचं, आणि आरतीचं ताट माझ्या हातात कधी यायचं नाही. एवढ्यातेवढ्यातून माणसाला कळतंच की.

सातव्या वर्षी विठू झाला. अक्का तेव्हा वॉर्डातल्या कसल्याशा प्रशिक्षणासाठी मदुरैला गेली होती. चौथ्या दिवशी बाळ घरी आणलं. अप्पांनी त्याला उजेडात धरलं, ओठ बघितले, नखं बघितली... निळसर सावळी. आणि मोठ्यानं म्हणाले, “विठोबाच आला की आपल्या घरीं! रंग तरी पाहा म्हणून!” झालं. बातमी तिरुनागेश्वरमपर्यंत गेली. बायका नारळ घेऊन यायला लागल्या, बाळाच्या पावलांना हात लावून कपाळाला लावायच्या. ‘बारा दिवस त्याला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, बारशाला नाव विठ्ठलच ठेवायचं,’ असं अप्पांनी सांगून टाकलं. आणि त्या संध्याकाळी आरतीचं ताट, पहिल्यांदा, माझ्यापुढे आलं. दुसऱ्या कुठल्या घरात बाळ निळं दिसलं असतं तर लोक डॉक्टरकडे धावले असते. आमच्या घरानं टाळ काढले.

बाराव्या दिवशी पाळणा फुलांनी सजला होता. नाव ठेवायचं तेवढ्यात अक्का आली. मदुरैहून थेट, हातात पिशवी, पायांत चपला तशाच. तिनं नख दाबलं. एकदा, दोनदा. मग पिशवीतनं ती रक्तातला प्राणवायू मोजणारी, बोटाला लावायची चिमटी काढली, बाळाच्या पावलाला लावली, आकडा बघितला आणि अप्पांकडे वळून ओरडली, “हा विठोबाचा रंग न्हवे अप्पा! लेकरू गुदमरतंय!” कुणी हलेना. तिनं सरळ बाळ उचललं. आणि मी, बारा दिवसांची बाळंतीण, त्या भरल्या घरात तिच्या अंगावर धावून गेले. “स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून दुसऱ्याचा पाळणा बघवत नाही तुम्हाला!” मीच म्हणाले हे. शब्दन्‌शब्द आठवतो. अक्कानं दुपटं घट्ट केलं. बाळ घेऊन ती निघाली, तिच्यामागे माझा नवरा आणि त्याच्यामागे मी.

फुप्फुसांत शुद्ध झालेलं रक्त ज्या शिरांतून हृदयाच्या डाव्या बाजूला यायला हवं, त्या शिरा विठूच्या बाबतीत भलतीकडेच, उजव्या बाजूला जोडल्या गेल्या होत्या. शुद्ध-अशुद्ध सगळं एकत्र होत होतं आणि अंगाला मिळत होतं ते मिसळलेलं. फार क्वचित असतं असं, डॉक्टर म्हणाले, आणि आणखी काही दिवस गेले असते तर... ॲम्ब्युलन्स चेन्नईला निघाली. नवरा पुढे ड्रायव्हरजवळ. मागे मी, अक्का आणि तिच्या मांडीवर ऑक्सिजनची नळी लावलेलं ते एवढंसं पोर. मायावरम गेलं, चिदंबरम गेलं, ती दर थोड्या वेळानं त्याचं नख दाबून बघत होती. नंतर कुठेतरी ती माझ्या कानाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, “तूं पाहिली होतीस. पितांना घाम येतो, दोन घोट पिऊन सोडून देतो, हें आईला कळत नाहीं म्हणून सांगूं नको. तुज कळलं होतं. तूं बोलली नाहींस.”

कळलं होतं. पाचव्या दिवशीच. पाजताना त्याचं कपाळ ओलं व्हायचं, छाती भराभर खालीवर व्हायची, आणि थकून तोंड बाजूला करायचा. माझ्या बहिणीची मुलं मी पाहिली होती, बाळ असं पीत नाही हे मला माहीत होतं. पण मी बोलले असते तर तो विठोबा राहिला नसता. मी पुन्हा रेडियो झाले असते. म्हणून मी बाळाचं कपाळ पुसायची, पदराच्या टोकानं, कुणाला दिसू नये असं. आठ दिवस पुसलं.

ऑपरेशन झालं, शिरा जागच्या जागी जोडल्या, विठू वाचला. अक्का रजा टाकून तिथंच राहिली, व्हरांड्यात चटई टाकून, दिवसभर तिथल्या नर्सांशी कडाकडा भांडत. मी तिला कधी ‘बरं झालं तुम्ही आलात’ म्हणाले नाही. सतरा वर्षांत नाही. लोकांना वाटायचं नणंद-भावजयीचं नेहमीचं वितुष्ट. उपकाराचं ओझं एक वेळ सोसवतं हो, पण आपलं बिंग माहीत असलेलं माणूस दर एकादशीला घरी येतं, आपल्या हातची कापी पितं, ‘पाणी फार घातलीस’ म्हणतं, ते सोसवत नाही. ती सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या जवळच्या गावात एकटी राहायची. पॅसेंजरनं यायची. दारात चप्पल काढायच्या आधी विठूला हाक मारायची, त्यानं बोट पुढे करायचं, तिनं नख दाबायचं, रंग परतला की ‘आला’ म्हणायचं, मग आत. तो मिसरूड फुटलेला मुलगा झाला तरी हे चालूच. मला ते दर वेळी माझ्या तोंडावर मारल्यासारखं वाटायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

शेवटची भेट तिच्याच दवाखान्यात. किडन्या गेल्या होत्या, अंग सुजलं होतं. नवरा औषध आणायला गेला आणि तिनं माझा हात धरला. मला वाटलं, आता तरी काही चांगलं बोलेल. तिनं माझं नख दाबलं, सोडलं, बघितलं. “रंग आला. तुज काय होत नाहीं. शंभर वर्षं जगशील, भांडायला.” मी हात काढून घेतला. झटक्यानंच काढला. पाचव्या दिवशी ती गेली.

ती गेल्यानंतरची तिसरी एकादशी परवा झाली. संध्याकाळी बाहेर टाळ-मृदंग जुळवणं चाललं होतं आणि विठू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बोट पुढे केलेलं. “अम्मा, आज तूं पाहा,” म्हणाला. मी म्हटलं, हे तुझ्या अक्काचं खूळ, मला नको. तर म्हणाला, “तिचं कसं? तूंच तर पहिलीं पाहिली होतीस. अक्का सांगायची. बारशाला निरोप धाडून तूंच तिला बोलावलीस म्हणून. तुझ्या आईच्या डोळ्यांनीं वाचलास, म्हणायची.”

मी गॅस बंद केला. किती वर्षं सांगत होती ही बाई त्याला असं? आणि मला न विचारता! जिवंतपणी एक गोड शब्द दिला नाही आणि मागे हे ठेवून गेली, जे मला परतही करता येत नाही. इतका संताप आला मला तिचा... अजून आहे. हा लेख मी तेव्हाच लिहायला घेतला होता, देवनागरीत; विठूला वाचता येतं ते फक्त तमिळ. इथं कबूल करून मोकळं होणं सोपं होतं, आणि एवढ्यावर भागवायचं माझ्या मनात आलंही होतं.

पण बोट समोर होतं. मी ते धरलं, नख दाबलं, सोडलं. पांढरं, आणि मग बुडापासून गुलाबी. “आला,” मी म्हणाले. आणि मग म्हणाले, “मी नव्हतं बोलावलं रे तिला. मला दिसलं होतं, आणि मी गप्प बसले होते.”

बाहेर कुणीतरी टाळ वाजवून बघत होतं. विठूनं बोट काढून घेतलं नाही.