वासावरची वाट

आमच्या विभागाच्या फलकावर आज माझं नाव लागलं. माझ्या शोधनिबंधाचा संदर्भ म्हणे सर्वात जास्त लोकांनी दिला. निबंध जुनाच, मेंदू आणि स्मरणशक्तीवरचा. भुलभुलैयातून शेंगदाण्यापर्यंतची वाट उंदीर लक्षात ठेवतात, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं.

पुढे कळलं, एक उंदीर काढून दुसरा सोडण्याआधी भुलभुलैया पुसायचाच राहत होता. दुसरा पहिल्याच्या वासावर चालायचा. आठवत त्याला काहीच नव्हतं. चूक कबूल करणारं टिपण मी रीतसर छापलं. ते कुणी वाचलं नाही. निबंध तरी कोण वाचतं? आधीच्याने संदर्भ दिला म्हणून पुढचा देतो. छापताना माझ्या आडनावातलं एक अक्षर गळलं होतं, तेही सगळ्यांनी तसंच उतरवलंय. उंदरांना शेवटी शेंगदाणा मिळायचा, आम्हाला बढती मिळते.

"मॅडम, पेढे हवेत हं!" शेजारच्या खोलीतले देसाईसर म्हणाले.

"सर, तुम्ही वाचलाय तो निबंध?"

"वाचायला कशाला हवा? मी संदर्भ दिलाय की त्याचा!"

मी पुन्हा फलकाकडे पाहिलं. माझ्या आडनावात तेच अक्षर नव्हतं.