मामांचा डावा डोळा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या धाकट्या मामांचे. दहावी झाल्यावर त्यांनी मला गावाहून जोगेश्वरीला आणलं, एका खोलीच्या बिऱ्हाडात माझ्या वळकटीसाठी कोपरा केला आणि मी बी.कॉम. होईपर्यंत "कमवायला कधी लागणार" असं एकदाही विचारलं नाही. ते स्वतः चौथी शिकलेले. अंधेरीच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळी जुळवायच्या. वाया गेलेले कागद ते घरी आणत. माझा कॉलेजचा बहुतेक अभ्यास लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर झाला.

मी बँकेत लागलो ते ऐंशीच्या दशकात. त्यानंतर वर्षभराने कळलं की मामांचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला आहे. मधुमेह जुना होता, पण डोळ्यांबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. छापखान्यात खिळे ठेवायला खणांची लाकडी पेटी असते, तिला केस म्हणतात. कुठलं अक्षर कुठल्या खणात, हे मामांच्या बोटांना इतकं पाठ होतं की डोळ्यांचं अर्धं काम बोटंच करत होती. एक दिवस मालकांनी नवी केस आणली. तिच्यातले खण वेगळ्या क्रमाने भरलेले होते. त्या दिवशी मामांनी जुळवलेली पत्रिका कुणालाच वाचता येईना. मालक भले होते. त्यांनी मला बँकेत फोन केला आणि म्हणाले, "मामांना डोळे दाखवून घ्या. मी सांगितलं म्हणू नका."

मामींना हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. थापणं न थांबवता म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्यापासून लपवून जिलेबी खाल्ली, ती कमी पडली म्हणून आता डोळा लपवला. घेऊन जा रे त्यांना."

रुग्णालयात आम्ही तासभर बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मामा एकदा उठून त्याच्याजवळ जाऊन आले. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. आमची पाळी आली. डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला रोखठोक. त्यांनी मामांचा डावा डोळा झाकला आणि उजव्याने तोच तक्ता वाचायला सांगितलं. मामांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं.

"आता खालून वर वाचा."

मामांनी तेही वाचलं. ओळ उलटीसुलटी डोक्यात धरून ठेवणं हेच तर त्यांचं रोजचं काम.

बाईंनी तक्त्यापुढे आपला हात धरला. "ही किती बोटं?"

मामांनी मान पुढे काढली, डोळा बारीक केला.

"हे पाठ केलं नव्हतं ना," बाई म्हणाल्या. मामांना हसू आलं. मग बाईही हसल्या, आणि त्यानंतर मात्र मामांनी काही लपवलं नाही.

बाहुली मोठी होण्यासाठी त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले. ते काम करेपर्यंत अर्धा तास थांबायचं होतं. तपासणी झाल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. उजव्या डोळ्यात त्या फुटून रक्त साकळलं होतं. डाव्या डोळ्यात फुटायच्या आत लेसर करायला हवं होतं.

"एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या. "लेसरने गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून करायचं. दोन-तीनदा यावं लागेल. नंतर काही दिवस धूसर दिसेल, अंधारात थोडं कमीच दिसेल. हे त्यांना आधी नीट समजावून सांगा."

मी मान हलवली. बाहेर आलो तर मामा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. त्यांनी विचारलं, "पूर्वीसारखं दिसेल ना रे?"

"हो मामा. झकास दिसेल."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर काय, एवढीच भीती मला वाटली.

पुढच्या आठवड्यात लेसर झालं. डोळा बधिर करायला थेंब, मग डोळ्यावर एक भिंग, हनुवटी एका आधारावर आणि कपाळ पट्टीला टेकलेलं. हलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं हिरवे लखलखाट. मामा म्हणाले की सुरुवातीला काहीच वाटलं नाही, पण मध्येच आत खोल टोचल्यासारखं व्हायचं. "जन्मभर मान एका जागी धरून खिळे जुळवले," ते म्हणाले, "म्हणून जमलं."

मामांना काळा चष्मा लावून आम्ही रिक्षाने घरी आलो. मामींनी ताट वाढलं. मामा बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. रागावले की ते मालवणीवर यायचे.

"भात जांभळो दिसता."

दुसऱ्या दिवशी जांभळेपण गेलं, धूसरपणा राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतां तां पण गेलां. तू म्हणालंस, झकास दिसतलां." दुसऱ्या वेळेला जाणार नाही, असं त्यांनी मामींना सांगून टाकलं. माझ्याशी बोलणंच बंद केलं. त्या एका खोलीत न बोलता राहणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

त्यातच बँकेने मला प्रशिक्षणासाठी महिनाभर नागपूरला पाठवलं. डाव्या डोळ्याची पुढची तारीख मी तिथे असतानाच येत होती. मामींना वाचता येत नव्हतं, आणि शेजाऱ्यांकडून पत्र वाचून घेणं मामांना चाललं नसतं. म्हणून मी काळ्या स्केचपेनने, एका पानावर सहा-सात ओळी, अशा मोठ्या अक्षरांत, मामांना स्वतः वाचता येईल असं पत्र लिहिलं.

मामा त्या तारखेला रुग्णालयात गेले. त्यानंतर तिसऱ्यांदाही गेले. उजवा डोळा काही परत आला नाही, पण डाव्याच्या जोरावर त्यांनी निवृत्त होईपर्यंत काम केलं, आणि पुढेही रोजचं वर्तमानपत्र नाकाजवळ धरून का होईना, स्वतः वाचलं. पत्राबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. कच्चा मसुदा माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत राहिला होता. तो असा:

ती. मामा,

नमस्कार. दिवसा, खिडकीपाशी बसून सावकाश वाचा. पानं बरीच आहेत, पण शब्द थोडे आहेत.

मी तुमच्याशी खोटं बोललो. पूर्वीसारखं दिसणार नाही, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणाल या भीतीने मी ते तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. बारावीला मी इंग्रजीत नापास झालो, तेव्हा तुम्ही माझी खोटी समजूत काढली नव्हती. "पुन्हा बस" म्हणालात. मीही तसंच सरळ सांगायला हवं होतं.

आता खरं लिहितो. धूसरपणा हळूहळू कमी होईल. अंधारात मात्र पहिल्यापेक्षा कमी दिसेल, तेव्हा जिन्यावर कठडा धरून चाला. दुसऱ्या वेळेलाही तेच थेंब, तेच भिंग, तोच हिरवा प्रकाश. जास्त टोचलं तर सोसत बसू नका, "थांबा" म्हणा. बाई थांबतात, मी त्यांना विचारलं आहे. नंतर पुन्हा दोन-चार दिवस धूसर दिसेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पण अचानक काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं दिसलं, तर तारखेची वाट न बघता जा.

हे सगळं डावा डोळा उजव्यासारखा होऊ नये म्हणून. तो नक्की वाचेल, अशी खात्री बाई देत नाहीत, म्हणून मीही देत नाही. पण अर्ध्यावर सोडलं तर तो जाण्याची भीती फार मोठी आहे.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखं खाऊन आणि गोळी घेऊन निघा. मामीला बरोबर न्या. परत येताना डोळा दिपलेला असतो, एकट्याने रस्ता ओलांडू नका.

माझ्यावर राग असेल तर मी आल्यावर समोर बसवून बोला. गुरुवार मात्र चुकवू नका.

तुमचा भाचा