आण्णांच्या वकीलबाई

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणावर लिहायचा माझा अधिकार नाही, वकीलबाईंवर तर मुळीच नाही. तरी लिहितो आहे, माफ करावं.

बाई अशिलाला ‘चोरी केलीत का?’ असं कधी विचारत नसत. ‘सकाळपासून सांगा,’ म्हणत. माझ्या वडिलांना, म्हणजे आण्णांनाही, तसंच म्हणाल्या. आण्णांनी सांगितलं : शेवंती तोडली, भाकरी खाल्ली, तेवढ्यात धरणातून पाणी सोडल्याचं कळलं. राहू गावाकडे आमच्या नदीकाठी अशा वेळी जो हजर असेल तो शेजाऱ्याचीही पाणी उपसायची मोटार वर काढतो. विचारत कुणी बसत नाही. शेजारच्या मळ्यातले नाना परगावी होते, म्हणून आण्णांनी त्यांची मोटार काढून आमच्या शेडात ठेवली. सोसायटीच्या निवडणुकीपासून नानांचा आमच्यावर राग होता. परत येताच त्यांनी चोरीची फिर्याद दिली. आण्णा पोलिसांना म्हणाले, ‘व्हय, मी एकट्यानंच काढली.’

बाई एकदा दौंडहून एसटीनं थेट काठावर आल्या. काळ्या कोटातच दोर धरून आमची तसलीच मोटार ओढू लागल्या आणि चिखलात बसल्या. आण्णांनी हात दिला.

‘मामा, ही चोरायची तर आधी चार माणसं जेवायला घालावी लागतील,’ त्या म्हणाल्या. केस लागल्यापासून आण्णा पहिल्यांदा हसले. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाणी सोडलं त्या दिवशी दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

कोर्टात त्यांनी नानांना विचारलं, ‘मागच्या पुरात तुमची मोटार कुणी काढली?’

‘यांनीच.’

‘तेव्हा फिर्याद दिली होती?’

‘तवा निवडणूक नव्हती,’ मागून कुणीतरी पुटपुटलं.

पण एवढ्यावर भागेल असं बाईंना वाटत नव्हतं. काढताना हजर असलेला साक्षीदार हवा होता. ‘पोराचं नाव कोर्टात नको,’ आण्णा अडून बसले. इकडे नानांचा निरोप आला : माफी मागा, मिटवतो. बाई म्हणाल्या, ‘माफी मागून कागदावर सुटाल, मामा. पण गाव कागद वाचत नाही.’

जिन्यात मला थांबवून त्या हळूच म्हणाल्या, ‘मामा नको म्हणतात. पण तुम्ही सज्ञान आहात. पुढच्या तारखेला यायचं का, तुम्हीच ठरवा.’ मी ‘येतो’ म्हणालो.

त्या तारखेला शिरूरला माझं प्रॅक्टिकल होतं. दुसऱ्या बॅचला बसता आलं असतं. मी सरांना विचारलंच नाही. मला भीती वाटत होती, एवढंच खरं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

‘तडजोड झाली. मामांनी नानांची माफी मागितली, सही केली. मी म्हणत होते, दुपारपर्यंत थांबा, मुलगा येतोय. तर म्हणाले, त्यो येईल म्हणूनच आधी उरका, बाई.’